मोठमायच्या जागी ढेपीचं पोतं

अन्याय झाला तो माझ्या मोठमायवर. एकोणीसशे त्रेसष्ट साली, पोळा होऊन गेल्यावरच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी बारा वाजता, अकोल्याच्या प्रांत कचेरीत तिच्या नावाचा पुकारा झाला आणि ती तिथं नव्हती. पुकारा तीनदा झाला. कारकुनानं लिहिलं, साक्षीदार गैरहजर. त्या दोन शब्दांवर आमच्या वस्तीचा अर्ज निकाली निघाला.

हा अन्याय कोणी केला, याची पत्रकं मी काढली. अमरावतीत वाटली, मूर्तिजापूरच्या स्टेशनावर वाटली. त्यांत दोन आरोपी होते. एक, ज्यानं आमची वाट नांगरली तो काश्तकार. दुसरा, ज्याला एक तास वाट पाहवली नाही तो साहेब. दोघांवर लिहिलेलं एक अक्षरही मी मागं घेत नाही. पण आरोपी तीन होते. तिसऱ्याचा उल्लेख राहिला, कारण पत्रक तोच लिहीत होता.

मोठमाय म्हणजे माझ्या मोठ्या वडिलांची, थोरल्या काकांची बायको. मला आई आठवत नाही. मोठमायच्या हातची भाकर खाऊन मी वाढलो. मोठे बाबा गेले, तिला मूलबाळ नव्हतं, आणि मी शिकायला म्हणून अमरावतीला निघून आलो तो तिकडचाच झालो. म्हणजे गावातल्या घरात ती एकटी आणि राजापेठेच्या मागच्या खोलीत मी एकटा. मी सभांमधून समाजावर तासतासभर बोलायचो. खोलीवर परत आलो की बोलायला भिंत असायची.

आमचं गाव मूर्तिजापूरहून अकोल्याला जाणाऱ्या सडकेपासून अडीच मैल आत. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीपासून सडकेपर्यंत जाणारी बैलगाडीची सरळ बंडीवाट होती, तिला आमच्याकडं पांधण म्हणतात. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे मुरूम, पावसातही बंडी जाईल अशी. छप्पन साली वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं दोन वर्षं पाहिलं. मग एका उन्हाळ्यात गावातल्या सगळ्यात मोठ्या काश्तकारानं पांधणीच्या मधल्या तुकड्यावर नांगर घातला, आणि पावसाळा लागताच त्यात सरकी पेरली. वर लोकांनाच विचारायचा, "इथं वाट होती कधी?" लोक मान खाली घालायचे. बहुतेकांची रोजी त्याच्याच वावरात होती.

तेव्हापासून वस्तीतली माणसं धुऱ्यावरून जातात. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, एका वेळी एक पाऊल मावेल एवढा. बंडी न्यायची असेल तर पडीत जमिनीतून साडेतीन मैलांचा फेरा. त्याच धुऱ्यावरून डोक्यावर सरपण घेऊन येताना मोठमाय घसरली आणि तिचा उजवा खुबा गेला. ती काठीवर चालायची, पण तो पाय वीतभरही वर उचलायचा नाही. वावरातलं काम सुटलं. कोणाच्या वावरात जायचं उरलं नाही, म्हणून कोणाला भ्यायचंही उरलं नाही. पांधण होती असं साहेबापुढं सांगायला अख्ख्या वस्तीतून एकटी तीच तयार झाली.

तारखेची नोटीस आली तेव्हा मी गावाला गेलो. माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. तिच्या डोक्यात प्रवास तयार होता. बुधवारी दुपारी शेजारच्याच्या बंडीनं निघायचं, फेऱ्यानं सडकेला लागायचं, रात्री मूर्तिजापूरला रेल्वेतल्या एका गँगमनच्या घरी मुक्काम. तो तिच्या माहेरकडचा. गुरुवारी सकाळच्या गाडीनं अकोला.

"अन् बंडीत बसशील कशी?" मी विचारलं.

"बसीन कशाले? बसोतेत मले. चौघं येतेत, वाकय खाली टाकतेत, चार कोने धरतेत, उचलतेत. कापसाच्या गाठोड्यावानी."

आणि ती हसली. मला हसू आलं नाही. माझ्या मोठमायला चार माणसांनी गोधडीत घालून उचलायचं, आणि तेही पांधणीचा हक्क मागायला निघताना? त्या काश्तकाराच्या दारासमोरून? ते दृश्य मला असह्य झालं. असह्य मला झालं, हे नीट वाचा. तिला झालेलं नव्हतं.

"मोटारसायकल आणतो," मी म्हणालो. "गुरुवारी सकाळी आठला निघू, दहाला अकोल्यात. कोणी उचलायचं नाही."

"तुही गाडी उंच हाये, बाबू."

"ते मी पाहतो."

ती आणखी काही म्हणणार होती. मी तेव्हा नोटीस वाचून दाखवायला लागलो.

ज्या मंडळाच्या सभांत मी बोलायचो, गाडी त्या मंडळाची होती. एका सरकारी इंजिनिअरनं वापरून विकलेली. मागं वेगळी गादी, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन स्प्रिंगा. ती गादी मोठमायच्या कमरेला लागायची. बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, पण त्यासाठीही एका पायावर जोर देऊन वर सरकावं लागतं. तिच्यानं ते होणार नव्हतं. म्हणून मी ठरवलं, की बाई वर चढत नसेल तर गाडी खाली आणायची. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या पत्रकासाठी मी ते वहीत लिहून ठेवलं.

मंगळवारी मी गाडी राजापेठेतल्या मिस्त्रीकडं नेली. म्हातारा माणूस, डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मला तो लीडर म्हणायचा, आणि ते कौतुकानं नसायचं.

"मागून चार बोटं खाली घ्यायची," मी सांगितलं.

"स्प्रिंगचे वेढे कापा लागतीन. अन् कापले का कापले, मंग जुळत नाई. सवारी कुठी हाये?"

"गावाला."

"मंग आना. मांगं बसवा. तिच्या वजनानं गाडी किती दबते ते पाहून घेऊ, मंग कापू. आमचं काम असंच असते."

"वेळ नाही. अंदाजे कापा."

"अंदाजे बकरं कापतेत भाऊ, स्प्रिंग नाई कापत."

पण मी अडून बसलो. शेवटी त्यानं समोरच्या दुकानातून ढेपीचं एक पोतं आणवलं. ढेप म्हणजे ढोरांना घालतात ती सरकीची पेंड. ते पोतं मागच्या गादीवर सुंभानं बांधलं. "बुढी एवढी असन?" त्यानं विचारलं. "असेल," मी म्हणालो. त्यानं चष्मा सावरला, खाली बसून टायर आणि वरचा मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली, आणि दोन्ही स्प्रिंगांचे वेढे आरीनं कापले. पोतं परत बांधलं. आता टायर आणि मडगार्डमध्ये त्याचं एकच बोट जात होतं, तेही करंगळी.

"लीडर, कमी जागा राह्यली. डांबरीवर हळू नेसान. अन् चिखलात नेऊच नका."

मी मान डोलवली. मोठमायला मी तिचं वजन विचारलं नव्हतं, तिचा पाय किती वाकतो विचारलं नव्हतं. तिच्या जागी पोतं बसवलं होतं. पोतं गुमान बसतं आणि पोत्याला पाय नसतात, हे त्या दिवशी आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्यानं सवारी मागितली होती.

बुधवारी रिकाम्या गाडीवर अमरावतीहून निघालो. बडनेऱ्याच्या पुढं आभाळ भरलेलं होतं. गावाकडं आदल्या दोन दिवसांत चांगला पाऊस होऊन गेला होता, आणि बुधवारी दुपारपासून कडक ऊन पडलं होतं. मला बरं वाटलं. वाटलं, वाट सुकेल. मी काळ्या मातीत जन्मलो आणि मला असं वाटलं! आमच्याकडच्या कोणत्याही बंडीवाल्याला विचारा. पाणी धो धो पडत असेल तेव्हा काळी माती चाकावरून वाहून जाते. ती धरते कधी, तर अर्धवट वाळते तेव्हा. त्या वेळी बैलसुद्धा पाय उचलताना विचार करतो.

रात्री मूर्तिजापूरला मुक्काम करून गुरुवारी सकाळी आठला मी गाडी मोठमायच्या घरापुढं आणली; येताना मागं वजन नव्हतं, म्हणून फेऱ्यातली माती चाकात अडकली नाही. स्टँडवर लावली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत आडवी पडली. गाडी खाली आली होती, स्टँड होतं तेवढंच होतं. त्यावर ती कलेना, सरळ उभी राहून दुसऱ्या अंगाला कोसळली. जमलेली वस्ती खो खो हसली. "पाह्य ना, गाडीच पहिले पाया पडली!" कोणीतरी म्हणालं.

मोठमाय नवं लुगडं नेसून ओट्यावर उभी होती. आमचा ओटा कमरेएवढा उंच. ती खाली गाडीकडं पाहत राहिली.

"एवढी खाली काऊन केली?"

"तुला बसता यावं म्हणून."

"मी ओट्यावरून बसली असती ना रे. पहिले होती तशीच बरोबर ओट्याले लागत होती."

खरंच. ओट्याच्या कडेला बसून ती नुसती मागं सरकली असती, तर गादीवर आली असती. आता गादी चार बोटं खाली, अधू खुब्यावर आदळायला नको म्हणून तिला ओट्याच्या तीन पायऱ्या एकेक करून उतराव्या लागल्या. गाडी उंचच राहिली असती, तरी अकोल्यात उतरायला कचेरीच्या पायऱ्या होत्याच. एक प्रश्न मी विचारला असता तर वेढे कापायचे नव्हते. पण त्या वेळी मी घड्याळ पाहत होतो.

ती बसली. तिच्या वजनानं गाडी दबली. तिनं वाकून मागच्या चाकाकडं पाहिलं.

"चाकाले जागा कुठी हाये? माती कोठी जाईन?"

"मिस्त्रीनं मोजून केलंय, मोठमाय."

"मले न पाहता मोजलं?"

मी गाडी सुरू केली. मोटारसायकलवर पुढं बसणाऱ्याला हे फार सोयीचं असतं. मागचं तोंड दिसत नाही आणि आवाज वारा घेऊन जातो.

फेऱ्याच्या वाटेनं पाव मैल बरा गेला. मग पडीत लागली. माझ्या पाठीवर थाप पडली. एक, दोन, तीन. मला वाटलं ती भ्याली. मी मान न वळवता ओरडलो, "भेऊ नको, धरून बस!" आणि गाडी जोरात घेतली. परत थापा पडल्या, या वेळी मुठीनं. ती एका बाजूला पाय सोडून बसली होती, वाकलं की खाली चाक. मडगार्डाखाली माती भरत चालली आहे, हे तिला समोर दिसत होतं. मी मात्र तिला धीर देत होतो.

चाक थांबलं. गाडी जागच्या जागी रुतली. आम्ही दोघं पडलो नाही एवढंच. मी उतरून पाहिलं, तर टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये माती अशी ठासून बसली होती, की दोन्ही मिळून एकच वस्तू वाटत होती.

"सांगून राह्यली होती मी," ती म्हणाली. बस, एवढंच.

मी शेताच्या काटेरी कुपातून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी काडी, मोडून आणली आणि माती खरवडायला बसलो. फट एवढी बारीक की काडी आत जाईना. नखांनी काढली. थोडं पुढं गेलो, परत भरली. परत काढली. चार वेळा. तिचा एक पाय अधू, म्हणून दर वेळी तिला उतरवायचं, काठीवर चिखलात उभं करायचं, आणि परत बसवायचं. दर वेळी मीच तिला काखेत हात घालून उचलत होतो. गाडी ढकलताना मी तिच्यापासून पन्नास पावलं पुढं गेलो, तेव्हा मागं वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या मोकळ्या रानात ती एकटी काठीवर उभी होती, आणि तिच्या डाव्या हाताला, जरा लांब, सरळ रेषेत बाभळी दिसत होत्या. ती आमची पांधण. तिच्यावरून गेलो असतो तर साडेआठला सडकेवर. मी त्या बाभळींना तिथून शिव्या दिल्या. त्या पोचल्या नाहीत कुठंच.

सडकेला लागलो तेव्हा साडेदहा झाले होते. डांबरी आली, मला जीव आला. गाडी पळवली. पण गाडी इतकी दबलेली होती, की प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक वर जाऊन मडगार्डावर आदळायचं आणि तो दणका थेट तिच्या खुब्यात जायचा. शिवाय तिचे लोंबकळणारे पाय आता जमिनीच्या जवळ आले होते. चढावर एका ठिकाणी तिची टाच गिट्टीवर घासली. ती ओरडली नाही. मला ते नंतर टाचेवरचं रक्त पाहून कळलं. अकोला आठ-नऊ मैल राहिलं असताना मडगार्डाच्या आत निघालेल्या बोल्टानं टायर फाडलं, आणि गाडी बसली.

अकरा वाजून गेले होते. एसटी आली, हात केला, थांबली नाही. मी सडकेच्या मधोमध उभा राहून समाजव्यवस्थेला, सरकारला, मिस्त्रीला, सगळ्यांना जबाबदार धरत होतो. मोठमाय मैलाच्या दगडावर बसली होती. ती म्हणाली, "बोलून नको राहू. हात कर गाड्यायले."

शेवटी सरकीची पोती भरलेला एक ट्रक थांबला. ट्रकची पायरी छातीएवढी उंच. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार एकमेकांकडं पाहायला लागले. मोठमायनं खांद्यावरची चादर काढून त्यांच्या हातात दिली.

"हे खाली धरा. तुमी डावीकून, तुमी उजवीकून. बाबू, तू पायाकडं. खुब्याले हात नको लावसान. हं, उचला आता."

एका दमात ती वर. तिला काही झालं नाही. तिला उचलण्याची एक रीत होती. ती वस्तीनं आणि तिनं मिळून बसवलेली होती. तिच्यात लाजेचा संबंध नव्हता, अक्कल होती. मी तीच मोडीत काढून तिच्यासाठी गाडी कापायला गेलो होतो. वर गेल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, आज मी कापूस नाई, सरकी झाली." तो हसला.

कचेरीच्या पायऱ्यांशी आलो तेव्हा घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. काश्तकार बारा वाजता हजर होता, सही करून निघून गेला होता. साहेब जेवायला घरी. कारकुनानं वर न पाहता सांगितलं, "प्रकरण निकाली. नक्कल हवी तर अर्ज करा." मी त्याच्याशी भांडलो. मोठ्यानं भांडलो. त्या भांडणाचंही मी पुढं पत्रक काढलं.

भांडून व्हरांड्यात आलो, तर मोठमाय बाकावर बसली होती आणि शेजारी कचेरीचा चपराशी डबा उघडून भाकर खात होता. आणि ती त्याला सांगत होती. आपला जबाब. सगळा. साहेबासाठी तयार केलेला, इतक्या दुरून आणलेला जबाब ती एका जेवणाऱ्या चपराशाला देत होती.

"मी नवरी होऊन आली तवा आमच्या दोन बंड्या होत्या. सामोरून कापसाची बंडी आली. मांगं कोनी घ्याव, यावरून बोलाचाली झाली. तीन बंड्या एकामेकीजवय उभ्या होत्या, इतकी रुंद होती पांधन. कापसावर एक लहान पोरगं बसलं होतं. थेच हा काश्तकार. त्यानं मले बत्तासा देल्ला. हातावर ठेवला माह्या. बंडी हाकाले तेल्हाऱ्याकडून हंगामाले आलेले दोघं होते. एकानं त्या पोराले रागे भरलं, शिवला काऊन म्हून. दुसरा हासला. म्हने, नवरी हाये, खाऊ दे तिले. मले त्या पोराचं तोंड याद हाये. त्याले बी याद असन. मी सायेबासमोर त्याले पुसनार होती, बाप्पा, मले बत्तासा कुठी देल्ला होता तू?"

चपराशानं घास खाली ठेवला होता. तो म्हणाला, "आजी, लिहिणारा गेला ना पण."

मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. मी तिच्यासाठी जबाब लिहून दिला होता, दोन पानं. त्यात शतकांचा अन्याय होता, मानवी हक्क होते, सरंजामी प्रवृत्ती होती. बत्तासा नव्हता. तिला काय आठवतं, हे मी विचारलंच नव्हतं. काश्तकार बारा वाजता त्याच कचेरीत होता. हा एक प्रश्न त्याच्या तोंडावर पडला असता तर "वाट होती कधी?" असं म्हणायला त्याची जीभ वळली नसती. निदान एकदा तरी त्याला मान खाली घालावी लागली असती.

ती परत रेल्वेनं गेली. स्टेशनातून निरोप गेल्यावर मूर्तिजापूरला तो गँगमन उतरवून घ्यायला आला. तिनं मला बरोबर येऊ दिलं नाही. म्हणाली, "तू तुही गाडी पाह्य." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

गाडी दुरुस्त झाली, पण कापलेल्या स्प्रिंगा तशाच आहेत. नव्या बसवायचं मी कधी मनावर घेतलं नाही. या तीन वर्षांत अमरावती ते अकोला, अकोला ते तेल्हारा, मी ती गाडी पुष्कळ चालवली. मागं कोणी बसत नाही. पहिल्या खड्ड्याला जो बसतो तो दुसऱ्या खड्ड्याला उतरतो. वस्तीतले लोक मला आता सभेची तारीख सांगत नाहीत. "तुले सांगतलं तं तू गाडी घेऊन येशीन," असं म्हणून हसतात, आणि विषय बदलतात. रिकाम्या गाडीवर बसून सडकेनं जाताना कधी कधी पाठीवर थाप पडल्यासारखं होतं. मी थांबतो. उतरतो. चाकाशी माती नसते. मागं कोणी नसतं. थोडा वेळ उभा राहून परत निघतो.

गेल्या उन्हाळ्यात मी मोठमायच्या ओट्यावर जाऊन बसलो. भाषण न करता बसायला मला शिकावं लागलं, ते सोपं नव्हतं. तिला सगळं सांगितलं, ढेपीच्या पोत्यासकट. तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "माह्या जागी ढेप? तरी बरं लेका, ढोराच्या कामाची तरी वस्तू होती."

मग मी विचारलं. पहिल्यांदाच. अपील केलंय, परत तारीख लागेल, येशील का? कशी येशील? काय सांगशील? ती येणार आहे. आदल्या दिवशी निघेल, बंडीनं, वाकळीत बसून, आणि मी एक कोना धरायचा आहे. जबाब ती देईल, मी तोंड उघडायचं नाही. ही तिची अट आहे. तिनं आणखी एक सांगितलं, "माह्या एकटीच्या बोलन्यानं काय होते? थे दोघं पाहा. कापसाच्या बंडीवाले."

म्हणून हे लिहिलं. तुम्हाला हळहळ वाटावी म्हणून नाही. हळहळ तुमच्यापाशीच ठेवा. तेल्हाऱ्याकडच्या ज्या ज्या घरात हे वाचलं जाईल, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ आज जाऊन बसा आणि विचारा: चाळीस-एक वर्षांपूर्वी मूर्तिजापूरच्या पलीकडं हंगामाला बंडी हाकायला गेला होतात का? बाभळींच्या पांधणीत नवरीच्या दोन बंड्या आडव्या आल्या होत्या का? मालकाच्या पोरानं नवरीला बत्तासा दिला होता का? मग गप्प राहून ऐका. आणि त्याला आठवत असेल, तर त्याला अकोल्याला घेऊन या. कसं यायचं, ते त्यालाच विचारा. जो हसला होता तो असेल तर उत्तम. जो रागावला होता तोसुद्धा चालेल. तो आमच्या बाजूचा आहे असं कोणी म्हणू शकणार नाही, म्हणून त्यालाच आधी आणा.